श्वासापासून ‘मी’च्या शोधापर्यंत : घरी करावयाच्या बौद्ध ध्यानसाधनेचा क्रम

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ध्यानातील प्रयत्नाविषयी फारसे काही निराळे सांगावे लागत नाही. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेच्या खाली, सुताचा एक लहानसा धागा सरकवत राहतो. धागा केसभर इकडेतिकडे झाला तर तार नुसती वाजते, आणि नेमक्या जागी बसला की तीच तार भरून बोलू लागते. ती जागा कोणत्याही पट्टीवर मोजता येत नाही, ती ऐकत ऐकतच शोधावी लागते.

पाली वाङ्मयात वीणेचे दोन दृष्टांत आहेत आणि या लेखातील साधनेचा क्रम त्या दोहोंच्या मधून जातो. अंगुत्तरनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातील पहिला दृष्टांत प्रयत्न किती ताणावा हे सांगतो. संयुत्तनिकाय या तशाच दुसऱ्या संग्रहातील दुसरा ‘मी’ नावाची वस्तू शोधायची कशी हे सांगतो. अनेक जण या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतात, ‘आत्मा नाही’ हे वाक्य मान्य करतात किंवा त्यावर वाद घालतात, आणि दोन्ही प्रकारांत बसायचे मात्र राहून जाते. अनात्म हे आधी मान्य करून मग साधना करण्याचे तत्त्व आहे असे मला वाटत नाही. श्वास पाहता पाहता एके दिवशी आपोआप हाती लागणारी ती तपासणी आहे, म्हणून या लेखात ती शेवटी येते.

बसण्यापूर्वी

बौद्ध परंपरेत ध्यानाचा आरंभ आसनापासून होत नाही, शीलापासून होतो. सांगली-सातारा भागातील विहारांत त्रिसरण आणि पंचशील म्हटले जाते, कित्येक घरांत लहान मुलांनाही ते तोंडपाठ असते. परंतु त्या पाच नियमांचा डोळे मिटून बसण्याशी काय संबंध आहे, हे क्वचितच उलगडून सांगितले जाते. अंगुत्तरनिकायात हा संबंध एका साखळीसारखा मांडलेला आहे: शील पाळल्याने पश्चात्ताप उरत नाही, पश्चात्ताप नसल्याने मन प्रसन्न होते, प्रसन्नतेतून प्रीती, म्हणजे मनाचा उल्हास, उपजते, प्रीतीने शरीर शांत होते, शांत शरीराला सुख वाटते आणि सुखी चित्त एकाग्र होते. दुपारी ज्याला खोटे बोलून फसवले, त्याचा चेहरा संध्याकाळी डोळे मिटताच समोर येतो, हा अनुभव याच साखळीची उलटी बाजू आहे. म्हणून बसण्यापूर्वी त्या दिवसातील जी एखादी गोष्ट मनाला टोचत असेल ती स्वतःशी स्पष्ट कबूल करावी, ती दुरुस्त करण्यासाठी उद्या नेमके काय करायचे ते ठरवावे आणि मगच डोळे मिटावेत.

जागेविषयी सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे स्मृतीच्या साधनेविषयीच्या बुद्धांच्या प्रवचनात, तीनच पर्याय दिले आहेत: अरण्य, झाडाचे मूळ किंवा रिकामी खोली. कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि तिथल्या लहान खोल्या पाहिल्या म्हणजे ध्यानाला किती कमी जागा पुरते हे ध्यानात येते. घरातला एक कोपरा पुरेसा आहे, मात्र तो रोज तोच असावा. पहाटेची वेळ उत्तम. त्या वेळी मिरज जंक्शनकडून गाडीचा भोंगा येईल, अजान येईल, दूधवाल्याची हाक येईल. आवाज थांबण्याची वाट पाहत बसणाऱ्याची बैठक कधी सुरूच होत नाही, त्यामुळे आवाज येणार हे गृहीत धरूनच बसावे.

घोंगडीची चार पदरी घडी करून तिच्या कडेवर अशा रीतीने बसावे, की कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच राहील. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची घ्यावी, फक्त पाठ टेकू नये. पाठ ताठ असावी पण ताठरलेली नसावी; जबडा, खांदे आणि पोट एकेकदा मुद्दाम सैल सोडावे. पहिल्या महिन्यात रोज २० मिनिटे पुरेत. गजर लावून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

श्वास मोजणे आणि मोजणे सोडणे

मज्झिमनिकायातील आनापानसति सुत्तात श्वासाच्या साधनेच्या १६ पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांचे चार-चारांचे चार गट आहेत. नव्या साधकाने पहिल्या गटापुरतेच पाहावे. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे, मग सगळ्या शरीराचे भान ठेवत श्वास घ्यावा आणि सोडावा, आणि मग शरीराची हालचाल शांत होऊ द्यावी. सतिपट्ठान सुत्तात येथे कातारी कामाचा, म्हणजे लाकूड फिरवून घडवण्याच्या कामाचा, दाखला येतो: कुशल कातारी लांब फेरा घेताना लांब फेरा घेतो आहे हे जाणतो आणि आखूड घेताना आखूड. श्वास मुद्दाम लांबवणे, रोखणे किंवा एक नाकपुडी बंद करणे हा प्राणायाम झाला. त्याचे फायदे वेगळे आणि त्याचे शास्त्रही वेगळे. येथे श्वासाला कोणताही हुकूम द्यायचा नाही. नाकपुड्यांच्या टोकाशी किंवा वरच्या ओठावर जिथे स्पर्श स्पष्ट जाणवतो तिथे लक्ष ठेवावे आणि येणारा श्वास येऊ द्यावा.

एवढे सांगितल्यावरही चित्त तिसऱ्या श्वासाला निघून जाते, म्हणून मोजणीचा आधार घ्यावा. इसवी सनाच्या ५ व्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मोजणीची जी रीत लिहिली, ती आपल्याकडच्या कोणालाही ओळखीची वाटेल. तो म्हणतो, आरंभी धान्य मापणाऱ्यासारखे सावकाश मोजावे. आपल्याकडे मापारी पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत असे, आणि दुसरे माप भरून होईपर्यंत त्याच शब्दाचा घोष चालू ठेवत असे. श्वासाचेही तसेच करावे. श्वास बाहेर पडून संपेपर्यंत मनात ‘एक’, पुढचा संपेपर्यंत ‘दोन’. मोजणी पाचाच्या आत संपवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये, आणि त्याने याची दिलेली कारणेही मार्मिक आहेत. पाचाच्या आत चित्त अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे अस्वस्थ होते, तर दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसते. काही आठवड्यांनी श्वास आपणहून स्पष्ट होऊ लागला, की दाराशी बसून बाहेर पडणारी गुरे भराभर मोजणाऱ्या गुराख्यासारखी मोजणी जलद करावी, आणि चित्त मोजणीवाचूनही टिकू लागले की मोजणी सोडून द्यावी. माझी स्वतःची मोजणी सुटायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. कोणाला कमी लागेल, कोणाला जास्त.

येथे ‘सति’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे, कारण ‘सजगता’ हा आजचा रूढ प्रतिशब्द त्याची एकच बाजू दाखवतो. सति म्हणजे स्मृती, हाती घेतलेले काम न विसरणे. त्यामुळे चित्त निघून गेल्याचे ज्या क्षणी लक्षात येते, तो क्षण सति परत आल्याचा असतो. त्या क्षणी स्वतःवर चिडणे म्हणजे घरी परतलेल्याला दारातच रागावण्यासारखे आहे. कुठे गेलो होतो याचा हिशेब न मांडता पुन्हा ‘एक’पासून सुरुवात करावी.

पाण्यात तोंड का दिसत नाही

चित्त निसटण्याची कारणे पाच आहेत आणि त्यांना नीवरण म्हणतात: विषयांची ओढ, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता-पश्चात्ताप आणि शंका. संयुत्तनिकायात त्यांसाठी पाण्याच्या भांड्याची उपमा दिली आहे. ज्या पाण्यात लाख, हळद, नीळ किंवा मंजिष्ठा कालवली आहे त्यात स्वतःचे तोंड दिसत नाही, ही ओढ. उकळत्या पाण्यात दिसत नाही, हा द्वेष. शेवाळाने झाकलेल्या पाण्यात दिसत नाही, ही सुस्ती. वाऱ्याने हललेल्या पाण्यात दिसत नाही, ही अस्वस्थता. आणि गढूळ करून अंधारात ठेवलेल्या पाण्यात दिसत नाही, ही शंका. सांगलीत हळदीच्या हंगामात ज्यांनी हात धुतले आहेत त्यांना यातील पहिली उपमा निराळी समजवावी लागू नये: पाणी पाणीच असते, फक्त चिमूटभर हळदीने ते आरपार दिसेनासे होते.

या उपमेचा व्यावहारिक उपयोग असा, की अडथळा आला म्हणजे त्याच्याशी झगडण्याआधी आज भांड्यात नेमके काय आहे ते ओळखावे, कारण पाचांवर उपाय एक नाही. द्वेष असेल तर श्वास थोडा वेळ बाजूला ठेवून मैत्रीभावना, म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या सुखाची मनोमन कामना, करावी. शंका असेल, म्हणजे ‘ही पद्धत बरोबर आहे का, दुसरी घ्यावी का’ असे घोळत असेल, तर बैठक संपल्यावर जाणत्या माणसाला विचारावे आणि बैठकीत त्याचे उत्तर शोधू नये. सुस्तीचे उपाय बुद्धांनी मोग्गल्लान या आपल्या शिष्याला ओळीने सांगितले आहेत, आणि त्यांतील साधेपणा मला फार मोलाचा वाटतो: ज्या विचाराने झोप येते तो सोडावा, पाठ केलेले मनात घोकावे, कान ओढावेत, हातपाय चोळावेत, उठून डोळ्यांवर पाणी मारून ताऱ्यांकडे पाहावे, प्रकाशाचे ध्यान करावे, येरझारा घालाव्यात, आणि इतके करूनही झोप हटली नाही तर उठण्याची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर निजावे. शरीर खरेच थकले असेल तर झोप हेच औषध, हे त्यात मान्य केलेले आहे.

अस्वस्थतेबाबत मात्र अनेक जण ताण वाढवून उत्तर शोधतात, आणि इथे पहिल्या वीणेची गोष्ट येते. सोण नावाचा भिक्षू राजगृहाजवळ शीतवनात इतक्या जोराने साधना करीत होता, की विनयपिटकातील, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातील, वर्णनाप्रमाणे येरझारा घालून त्याच्या पायांतून रक्त आले, तरीही चित्त सुटेना, म्हणून घरी परतावे असे त्याच्या मनात आले. बुद्धांनी त्याला विचारले, ‘घरी असताना तू वीणा वाजवत होतास ना? तारा फार ताणलेल्या असताना ती वाजण्याजोगी असे का? आणि फार सैल असताना?’ दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ हेच उत्तर आले. माझ्या पहिल्या वर्षातील बैठकींचा दोष हाच होता. प्रत्येक बैठकीनंतर जबडा आणि कपाळ दुखत असे आणि मी त्यालाच निश्चयाची खूण समजत होतो. लक्ष ताणले गेल्याची खात्रीची लक्षणे शरीरातच दिसतात: दात घट्ट बसलेले, श्वास मध्येच अडकलेला, डोळ्यांमागे दाब. यांपैकी एखादे दिसले तर लक्षाचा जोर अर्धा करावा, श्वास शोधायला न जाता तो येईपर्यंत थांबावे. उलट, श्वास कधी आला नि कधी गेला हेच कळत नसेल तर तार सैल आहे, तेव्हा पुन्हा मोजणी घ्यावी.

बसणे अवघड जाणाऱ्यांनी आणि सुस्तीचा त्रास असणाऱ्यांनी चंक्रमण, म्हणजे चालत करायचे ध्यान, अवश्य करावे. गच्चीवर १५ ते २० पावलांची वाट ठरवून तिथेच येरझारा घालाव्यात, पाऊल उचलणे, पुढे नेणे, टेकणे एवढेच जाणावे, आणि टोकाला पोचल्यावर वळण्यापूर्वी क्षणभर उभे राहावे. चालताना मिळालेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे.

वेदना : दुसरा बाण

रोजच्या बैठकीत श्वास काही काळ टिकू लागला, की सतिपट्ठानातील दुसरे क्षेत्र, वेदना, हाती घ्यावे (पहिले क्षेत्र शरीर, श्वास त्यातच येतो). मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद आणि ना-सुखद-ना-दुःखद या तिन्ही प्रकारच्या संवेदनांना वेदना म्हणतात, आणि हा फरक लक्षात न घेतल्याने पुढचे सगळेच चुकते.

साधारण पंधराव्या मिनिटाला गुडघा दुखू लागतो, आणि अभ्यासाला याहून चांगले साधन मिळणार नाही. लगेच पाय हलवू नये. आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे. मग त्याला ‘दुखणे’ हे एकच नाव न देता त्यात उष्णता आहे, ओढ आहे, ठणका आहे की टोचणी आहे हे वेगवेगळे पाहावे. काही क्षणांतच लक्षात येईल की ते एकसारखे नाही, वाढते, सरकते, मध्येच नाहीसे होते. त्यानंतर दुखण्याच्या शेजारी उभी असलेली दुसरी गोष्ट शोधावी: ‘हे थांबले पाहिजे’ हा हट्ट. संयुत्तनिकायात यालाच दुसरा बाण म्हटले आहे. ज्याने धम्म ऐकलेला नाही त्याला शारीरिक दुःखाचा एक बाण लागतो आणि त्यावर शोक, चिडचिड, आकांत यांचा दुसरा बाण तो मनात लावून घेतो. ज्ञानी शिष्याला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांना पहिला बाण चुकवता येणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या हानीला मनाचा खेळ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु पाणी ओसरून चिखल काढून झाल्यावरही पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात ढग पाहताच छातीत जे दाटते, त्यातील किती भाग आजच्या पावसाचा आणि किती त्या पावसाचा, हे वेगळे पाहण्याची शक्ती गुडघ्याच्या दुखण्यावर बसून कमावता येते.

दुखणे असह्य झाले तर पाय हलवावा, फक्त आधी ‘हलवण्याची इच्छा’ पाहावी आणि मग सावकाश हलवावा. बैठकीनंतरही अर्धा तास दुखत राहिले तर आसन बदलावे. सांध्याला इजा करून घेण्यात कोणतेही पुण्य नाही.

शरीरभर संवेदना पाहण्याची पद्धत सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात शिकवली, आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरी येथे केंद्र सुरू झाले. त्या परंपरेतील १० दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहिला जातो, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे हीच संवेदना पाहण्याची पद्धत, दिली जाते आणि खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. घरी काही महिने बसून मग शिबिराला जावे असे मी सुचवीन. ज्यांना तीव्र नैराश्य, भास होणे किंवा मोठ्या आघातानंतरचा त्रास आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. दीर्घ मौन प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवतेच असे नाही.

‘मी’ कोठे आहे

वेदना पाहता येऊ लागल्यावर चित्ताची अवस्था पाहणे फारसे कठीण जात नाही: रागाने भरलेले चित्त रागाने भरलेले आहे, विखुरलेले चित्त विखुरलेले आहे, एवढेच जाणावे. यानंतर मूळ प्रश्न घ्यावा.

संयुत्तनिकायातील दुसऱ्या वीणेची गोष्ट अशी. एका राजाने कधीच वीणा ऐकलेली नव्हती. तो मोहक स्वर कानी पडताच त्याने तो आणण्याची आज्ञा केली. सेवकांनी वीणा आणली, तेव्हा राजा म्हणाला, ‘वीणा राहू द्या, मला तो आवाज आणून द्या.’ त्यांनी सांगितले, की भोपळा, कातडे, दांडी, तारा, वाजवण्याची कांडी आणि माणसाचा योग्य प्रयत्न अशा अनेक गोष्टींच्या आधाराने हा स्वर निघतो. राजाने वीणेचे तुकडे केले, तुकड्यांच्या काड्या केल्या, त्या जाळून राख वाऱ्यावर उडवली, आणि आवाज कुठेच नाही असे पाहून वीणेला कुचकामी ठरवले. त्याचप्रमाणे भिक्षू रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान (म्हणजे जाणणे) यांची जिथवर त्यांची गती आहे तिथवर तपासणी करतो, आणि ‘मी’, ‘माझे’, ‘मी आहे’ असे जे त्याला वाटत होते ते त्याला सापडत नाही. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तंबोरा बनवणाऱ्या गावात राहूनही स्वर कोठे असतो हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. स्वर खोटा नसतो, तो ऐकू येतो. पण त्याला तंबोऱ्यात ठेवलेला कोणी पाहिलेला नाही.

प्रत्यक्ष तपासणीसाठी एक ताजा प्रसंग घ्यावा, शक्यतो लहानसा अपमान. चारचौघांत कोणी तोडून बोलले, तो क्षण बैठकीच्या उत्तरार्धात, श्वास शांत असताना, मुद्दाम आठवावा. छातीत किंवा चेहऱ्यावर जे तापते ते रूप; त्याचा नकोसेपणा ही वेदना; ‘हा अपमान आहे’ अशी ओळख ही संज्ञा; उलट उत्तर देण्याची उसळी हा संस्कार; आणि या सगळ्याचे जाणणे हे विज्ञान. यांपैकी प्रत्येकाला, सारनाथच्या मृगवनात बुद्धांनी पाच भिक्षूंना विचारलेले प्रश्न विचारावेत: हे टिकते की बदलते? बदलणारे सुखाचे की दुःखाचे? आणि जे बदलते, ज्याला ‘असे राहा, असे होऊ नको’ म्हणून आज्ञा देता येत नाही, त्याला ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणे योग्य आहे का? उत्तर पाठ केलेले नसावे. तापलेली छाती निवताना प्रत्यक्ष पाहिली, तरच ते उत्तर उपयोगाचे.

येथे आपल्या भागातील साधकांची एक अडचण मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. कीर्तन-प्रवचनांतून ‘मी देह नाही, मन नाही, मी साक्षी आहे’ हे आपण बालपणापासून ऐकतो, आणि ध्यानात सारे बदलताना दिसले की तो पाहणारा साक्षी तेवढा स्थिर वाटतो. वेदांत तिथे थांबतो आणि त्याची स्वतःची कारणे आहेत. दोन्ही परंपरांचा आदर राखूनही त्यांची सरमिसळ करू नये. बौद्ध तपासणी साक्षीलाही सोडत नाही. साति नावाच्या भिक्षूचे मत होते, की तेच एक विज्ञान जन्मोजन्मी फिरते. बुद्धांनी त्याला खोडून काढताना अग्नीची उपमा दिली: लाकडावर पेटलेला लाकडाचा अग्नी, गवतावरचा गवताचा, शेणीवरचा शेणीचा, कोंड्यावरचा कोंड्याचा; तसेच डोळा आणि रूप यांच्या आधाराने उपजते ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांच्या आधाराने उपजते ते श्रोत्रविज्ञान. बैठकीत हे असे पाहावे: गाडीचा भोंगा ऐकणारा जो ‘मी’, तोच गुडघा जाणणारा ‘मी’ आहे का, की ऐकणे संपले तेव्हा एक जाणणे विझले आणि दुसऱ्या सरपणावर दुसरे पेटले? घाईने उत्तर देऊ नये.

आणि एक गैरसमज आरंभीच टाळावा. ‘मी नाहीच, मग जबाबदारी कोणाची’ असे ज्याला वाटू लागेल, त्याने तपासणी थांबवून शीलाकडे परतावे. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने ‘आत्मा आहे का’ आणि मग ‘आत्मा नाही का’ असे विचारले, तेव्हा बुद्ध दोन्ही वेळा मौन राहिले, कारण ‘आहे’ म्हटले असते तर ते आत्मा शाश्वत मानणाऱ्यांच्या बाजूचे ठरले असते, आणि ‘नाही’ म्हटले असते तर त्याचा गोंधळच वाढला असता. कर्म आणि त्याचे फळ ही साखळी या शिकवणीत कुठेही तुटत नाही. तुटते ती फक्त त्यामागे बसलेल्या कायमच्या मालकाची कल्पना.

उठताना

गजर झाल्यावर ताडकन उठू नये. शेवटची पाच मिनिटे मैत्रीभावनेला द्यावीत: आधी स्वतःसाठी, मग ज्याने मदत केली त्याच्यासाठी, मग ओळखीचा पण ना जवळचा ना दूरचा अशा माणसासाठी, आणि सरतेशेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याच्यासाठी ‘सुखी असो, भयमुक्त असो’ एवढेच म्हणावे. शेवटच्या माणसापाशी शब्द कोरडे निघाले तर कोरडेच निघू द्यावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणावेत. एखादा दिवस बैठक चुकली तर दुसऱ्या दिवशी ती भरून काढण्यासाठी दुप्पट बसू नये, नेहमीची २० मिनिटेच बसावीत. दोन महिन्यांनी वेळ ३० मिनिटांवर न्यावी, आणि दिवसातले एक रोजचे काम, भांडी घासणे किंवा अंगण झाडणे, दुसरे काहीही न करता, हाताच्या हालचालीवर लक्ष ठेवून पुरे करावे. उठल्यावर घोंगडीची घडी करतानाच याला सुरुवात करता येते.